अडचणीच्या जागेसाठी मिनी ट्यूब कटर: जागा आधी, पाइप नंतर

तांब्याची ट्यूब मोकळ्या जागेत कापायची असेल तर कुठलाही बरा कटर चालतो. पण एसी-फ्रिजच्या कामात कापायची वेळ येते ती नेमकी इनडोअर युनिटच्या मागे, भिंतीतल्या कन्सील्ड बॉक्समध्ये, फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या कप्प्यात, नाहीतर छज्जावर भिंतीला खेटून बसवलेल्या आउटडोअरच्या व्हॉल्व्हपाशी. मोठा कटर तिथे पाइपवर बसतो, अर्धा फेरा घेतो आणि भिंतीला अडतो. म्हणून प्रत्येकाच्या पेटीत एक मिनी कटर असतो. तो बहुधा फारसा विचार न करता घेतलेला असतो. मग फ्लेअर (नटने जोडण्यासाठी कर्ण्यासारखं रुंद केलेलं पाइपचं तोंड) गळायला लागला की फ्लेअरिंग टूलला नाहीतर नटला दोष दिला जातो. आम्ही हे काम रोज करतो आणि आमचं मत असं की अशा पुष्कळ गळत्यांची सुरुवात कापण्यातच झालेली असते.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही शहरातल्या हार्डवेअरच्या पेठेत मिनी कटर मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘किती सुताचा?’ (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) खोक्यावर छापलेलं असतं ३ ते १६ मिमी, ३ ते २२ मिमी, ३ ते २८ मिमी. हा आकडा फक्त जबड्यात, म्हणजे कापणारं चाक आणि समोरचे रोलर यांच्या फटीत, केवढी ट्यूब मावते एवढंच सांगतो. कटरला पाइपभोवती फिरायला किती जागा लागते हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं, आणि निवड ठरायला हवी ती त्यावरच.

आधी पाइपचे आकार बघू, कारण तो भाग सोपा आहे. घरगुती स्प्लिट एसीत दोन सूत म्हणजे ६.३५ मिमी, तीन सूत ९.५२, चार सूत १२.७ आणि पाच सूत १५.८८ मिमी एवढ्याच ट्यूब भेटतात. ही मापं बाहेरच्या व्यासाची. दीड टनाच्या एसीला बहुतेक दोन सूत आणि चार सुताची जोडी असते. दोन टनाला मोठी लाइन पाच सुताची असू शकते. फ्रिजमध्ये दोन ते तीन सुताच्या पुढे सहसा जावं लागत नाही. म्हणजे ३ ते १६ मिमीचा कटर, उदाहरणार्थ रिजिडचा १०३ किंवा त्या धर्तीचा कुठलाही, घरगुती कामाला पुरतो. सहा सुताच्या वरच्या लाइनी व्हीआरएफच्या (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर) आणि डक्टेबलच्या (डक्टमधून हवा सोडणाऱ्या एसीच्या) कामात येतात.

‘२८चाच घ्या, सगळ्याला चालेल’ असा सल्ला दुकानात मिळतो. तो मानू नये. जबडा जितका मोठा तितकं धड मोठं, आणि धड मोठं झालं की ज्या कोपऱ्यासाठी मिनी घेतला तिथेच तो अडतो. १६चा एक मिनी आणि मोकळ्या जागेसाठी एक नेहमीचा मोठा कटर ही जोडी आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. २२चा हवाच असेल तर तो तिसरा घ्यावा.

हल्ली सी आकाराचे, स्प्रिंगने आपोआप आवळत जाणारे कटर ऑनलाइन दिसतात. पाइपवर टक्कन बसवायचे आणि बाणाच्या दिशेने फिरवायचे, चाक आवळायचा नॉब नाहीच. अडचणीच्या जागेसाठी ही रचना फार चांगली आहे, पण ते एकाच मापाचे असतात आणि बहुतेक १५, २२, २८ मिमी अशा मेट्रिक पाइपसाठी बनवलेले असतात. पाच सुताची ट्यूब १५.८८ मिमी, म्हणून १५च्या कटरमध्ये ती बसत नाही. हॉस्पिटलच्या मेडिकल गॅसच्या लाइनीत १५ आणि २२ मिमीचा पाइप असतो, तिथे हा कटर सोन्यासारखा. एसीवाल्याने मागवण्याआधी इंची मापाचा आहे का ते डोळ्यांत तेल घालून पाहावं.

फिरण्याची त्रिज्या कशी मोजायची

पाइपच्या मध्यापासून कटरच्या सगळ्यात लांबच्या टोकापर्यंतचं अंतर ही कटरची फिरण्याची त्रिज्या. मोजायला पाच मिनिटं लागतात. पाच सुताचा वीतभर तुकडा कागदावर उभा धरायचा, कटर त्याच्या बुडाशी, कागदाच्या अगदी जवळ, हलका आवळायचा. नॉबच्या टोकाशी पेन्सिल धरून कटर एक फेरा फिरवायचा. कागदावर वर्तुळ उमटतं. नॉबऐवजी दुसरीकडचं धड जास्त बाहेर येत असेल तर पेन्सिल तिकडे धरायची. पाइपच्या मध्यापासून वर्तुळापर्यंत पट्टी लावली की त्रिज्या मिळाली. १६ मिमीच्या चांगल्या मिनी कटरची ती साधारण ३० ते ४० मिमीच्या दरम्यान भरते.

मोजणी मोठ्या पाइपवरच करायची, कारण नॉब उलटा फिरवत जबडा उघडला की स्क्रू बाहेर येतो. दोन सुतावरून पाच सुतावर जाताना जबडा साडेनऊ मिमी जास्त उघडतो, आणि पाइपचा मध्यही सरकत असल्यामुळे त्रिज्या त्याच्या निम्म्याने, म्हणजे जवळजवळ ५ मिमीने वाढते. दुकानात जबडा बंद असलेला कटर हातात घेतला की तो छोटासा दिसतो. प्रत्यक्ष कामावर तो तेवढा छोटा नसतो.

आता जागेचा हिशेब. त्रिज्या ३८ मिमी आली आणि पाइप पाच सुताचा असेल, तर पाइपचा निम्मा व्यास ८ मिमी वजा करायचा. पाइपच्या पृष्ठभागापासून भिंतीपर्यंत, शेजारच्या पाइपपर्यंत, पत्र्यापर्यंत सगळीकडे किमान ३० मिमी मोकळे हवेत. त्यावर २-३ मिमी सुटीचे धरा. बोटांचा हिशेब वेगळा. नॉब आवळायला बोटांना आणखी १५ ते २० मिमी लागतात, पण ते एकाच बाजूला असले तरी चालतं. नॉब मोकळ्या बाजूला आला की तिथेच आवळायचा आणि भिंतीच्या बाजूने कटर फक्त धडाला धरून ढकलत न्यायचा. ही सवय लागली की जागा अशक्य वाटत नाही.

ही दोन मापं, धडाची आणि बोटांची, वेगळी न केल्यामुळे रॅचेटच्या कटरबद्दल मोठा गैरसमज झाला आहे. रॅचेटचा दांडा थोडासाच मागेपुढे हलवला तरी डोकं एकाच दिशेने फिरत जातं, म्हणून तो कुठेही चालेल असं वाटतं. रॅचेटमुळे हाताची जागा वाचते, डोक्याची नाही. डोक्याला पाइपच्या सगळ्या बाजूंनी फिरावंच लागतं. कंडेन्सरच्या मागे हात मनगटापर्यंतच जातो पण पाइपभोवती मोकळं आहे, अशा ठिकाणी रॅचेट घ्यावा. पाइप भिंतीपासून १५ मिमीवर असेल तर रॅचेटचे पैसे वाया.

जाडजूड गणित नको असेल तर पुठ्ठ्याचा नमुना करावा, आम्ही पेटीत ठेवतो तसा. कागदावरच्या वर्तुळाएवढी चकती बुटाच्या खोक्यातून कापायची आणि कडेपासून मध्यापर्यंत पाइप जाईल एवढी खाच पाडायची. कामाच्या जागी चकती पाइपवर सरकवून गोल फिरवली की कुठे अडतं ते लगेच समजतं. कधी नुसत्या स्क्रूचं डोकं अडवत असतं, कधी ड्रेनचा पाइप, आणि तो बाजूला बांधला की जागा होते.

रुंदीही बघायची. कटर पाइपच्या लांबीत २० ते २५ मिमी जागा खातो आणि तेवढा भाग सरळ हवा. पाइपच्या बाकाच्या सुरुवातीला किंवा ब्रेझिंगच्या (धातू वितळवून केलेल्या जोडाच्या) थेंबावर एक रोलर चढला की चाक तिरकं चालतं. अरुंद रोलरचा कटर बाकाच्या जास्त जवळ जातो, पण रुंद रोलरचा कटर सरळ जास्त चालतो. दोन्ही एकत्र मिळत नाही. आम्ही रुंद रोलरच्या बाजूने आहोत, कारण तिरका काप फ्लेअर बिघडवतो आणि बाक सहसा दोन बोटं टाळता येतो.

जागा कमी पडली तर कटर बदलण्याआधी इन्सुलेशन काढून पाहा. १३ मिमी जाडीचं नायट्राइल चिरून वीतभर मागे सरकवलं आणि टेपने बांधलं की पाइपच्या दोन्ही अंगांना १३-१३ मिमी मिळतात. जवळचा एक क्लॅम्प सोडला तर मऊ पाइप हळूच आणखी २० मिमी पुढे येतो. पण ब्रेझिंगच्या जोडापाशी तांबं तापून आणखी मऊ झालेलं असतं, तिथे ओढलं की पाइप दुमडतो. ओढायचं ते जोडापासून लांब, दोन्ही हातांनी, एका हाताचा अंगठा बाकाच्या आतून लावून.

दुकानात काय तपासायचं

खिशात दोन, तीन आणि पाच सुताचे भंगारातले तुकडे घेऊन जावं. दुकानदार चांगला असेल तर काप मारून बघू देतो. नाही दिला तरी नुसती रेघ मारू द्यायला सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि खरी परीक्षा रेघेचीच आहे. चाक पाइपला टेकवून नॉब अगदी थोडा आवळायचा आणि कटर एक पूर्ण फेरा फिरवायचा. उमटलेली रेघ स्वतःलाच येऊन मिळाली पाहिजे. शेवट सुरुवातीच्या शेजारी अर्धा मिमी जरी सरकला तरी तो कटर पाइपवर आटे पाडणार. चाक आणि रोलर एका ओळीत नाहीत, किंवा चाकाच्या पिनेत खेळ आहे. असा कटर घरी आणून सुधारत नाही, दुसरा मागावा. एकाच कंपनीच्या एकाच खोक्यातल्या दोन कटरमध्येही हा फरक सापडतो, म्हणून नावावर विसंबू नये.

चाक दोन बोटांत धरून आडवं हलवून पाहा. किंचित फिरतं ठेवायला लागणारी सूट हवी, डोलायला नको. रोलर बोटाने सहज फिरले पाहिजेत. अडकलेला रोलर पाइपवर घासतो आणि मऊ तांब्यावर पट्टा ओढतो. रोलरच्या कडेला खाच आहे का ते बघाच. ही खाच फार उपयोगाची. जुना फ्लेअर चिरला असेल तर तो त्या खाचेत बसवून चाक थेट फ्लेअरच्या मानेपाशी आणता येतं आणि जेमतेम ५-६ मिमी पाइप वाया जातो. इनडोअरच्या मागे पाइप आधीच आखूड असतो. तिथे खाच नसलेल्या कटरने दोन इंच गमावले की लाइनला जोड देण्याची वेळ येते.

नॉब तेलकट हातातून निसटतो का हे सुक्या हाताने कळत नाही. खोल खाचांचा, थोडा मोठा नॉब बरा. काही कटरच्या नॉबला टोकाशी खाच किंवा ॲलन कीचं भोक असतं, म्हणजे बोटं न पोचणाऱ्या जागी स्क्रूड्रायव्हरने आवळता येतं. सुटं चाक मिळतं का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही शे रुपयांच्या बिननावाच्या कटरला चाक मिळत नाही. नावाजलेला कटर त्याच्या कैकपट महाग असतो, पण चाक बदलत तो वर्षानुवर्षं चालतो. शिकाऊ मुलाच्या हातात पहिल्या दिवशी महागडा कटर द्यावा असं नाही; मात्र आटे पाडणारा कधीच देऊ नये, कारण चूक हाताची की कटरची हे त्याला समजणार नाही.

चाक तांबं कापायचं की स्टील कापायचं हेही दुकानातच ठरवायचं. मिनी कटरबरोबर येणारं नेहमीचं चाक तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियमसाठी असतं. स्टेनलेस कापताना धातू घासून आणखी कडक होतो आणि हे चाक दोन-चार फेऱ्यांत बोथट होतं. स्टेनलेससाठी वेगळं चाक आणि शक्यतो बेअरिंगचे रोलर असलेला कटर लागतो.

कापणं

काप घेण्याआधी लाइनमध्ये गॅस नाही याची खात्री करायची. ३५ अंशांना आर-३२ या एसीतल्या गॅसचा दाब सुमारे ३०० पीएसआय असतो. अशा लाइनला चाक आरपार गेलं तर थंडगार द्रव थेट बोटांवर येतो. पंप डाउन करून गॅस आउटडोअरमध्ये घेतला असेल तर कॉम्प्रेसर बंद करून, प्लग काढून मगच पाइपला हात लावायचा. चालू कॉम्प्रेसरने उघड्या पाइपमधून हवा ओढली तर आत तेल आणि हवा दाबली जाऊन स्फोट होऊ शकतो. असे अपघात झालेले आहेत.

पाइपवर मार्करने खूण करायची, ती जागा फडक्याने पुसायची. चाक खुणेवर आणून नॉब फक्त टेकेपर्यंत आवळायचा, पुढे आवळायचाच नाही. पहिला फेरा रेघेसाठी. रेघ जुळली की नॉब एक अष्टमांश ते पाव वळसा आवळायचा आणि एक ते दोन पूर्ण फेरे मारायचे. पुन्हा तेवढंच. २२ गेजचा, म्हणजे ०.७१ मिमी भिंतीचा पातळ पाइप असेल तर अष्टमांशाच्या पुढे जाऊ नये. आर-३२साठी दोन ते चार सुताच्या पाइपला ०.८ मिमी आणि पाच सुताला १ मिमी भिंत धरतात. त्यावर पाव वळसा चालतो. शेवटच्या फेऱ्यांत हाताला विरोध कमी झाल्याचं कळतं. तिथे नॉब न आवळता नुसतं फिरवत राहायचं. तुकडा आपोआप सुटतो आणि तोंड स्वच्छ राहतं. वाकवून तोडू नये.

घाई होते ती याच ठिकाणी. जागा अडचणीची, मान वाकडी, हातावर घाम, आणि दर फेऱ्याला अर्धा वळसा आवळला की काम दोन मिनिटांत होईल असं वाटतं. होतं काय तर चाक कापत नाही, दाबतं. मऊ पाइप अंडाकृती होतो, कड आत वळते, आणि चाकाच्या धारेचा बारीक टवका उडतो. तो टवका डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या कापाला प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी ‘टिक’ असा धक्का हाताला लागतो. तो लागला की चाक बदलायचं.

आतली कड, जिला आपण बर म्हणतो, मिनी कटरने थोडी तरी येतेच. ताज्या कापलेल्या तोंडावर टॉर्च मारून बघावं. घागरीचा काठ आत वळावा तशी एक चकचकीत पातळ कडा दिसते. ती तशीच ठेवून फ्लेअर मारला तर कडा दुमडून फ्लेअरच्या पृष्ठभागावर येते, नट आवळला की ती चिरते, आणि गळती दोन महिन्यांनी कळते. शिवाय त्या जागी गॅसची वाट अरुंद होते. रीमर (ही कड खरवडून काढायचं हत्यार) मारताना पाइपचं तोंड खाली हवं, म्हणजे तांब्याचा कीस आत न जाता बाहेर पडतो. आत गेलेला कीस फिल्टरपाशी थांबेलच असं नाही. तो गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हची सुई अडवतो किंवा कॉम्प्रेसरपर्यंत जातो.

अडचणीच्या जागेत तोंड खाली करता येत नाही ही खरी अडचण आहे. मोठ्या कटरच्या पाठीला असलेला पात्याचा रीमर तिथे फिरत नाही, आणि मिनीला बहुतेक रीमर नसतोच. पेनाएवढा सुटा रीमर मिनीबरोबरच विकत घ्यावा. पाइपचं दुसरं टोक उघडं असेल तर तिकडून नायट्रोजनचा अगदी हलका झोत, एक-दोन पीएसआयचा, सोडून रीम करावं. कीस आपल्याकडे येतो. डोळ्यांवर चष्मा हवा. रीमरही बेतानेच. कडा धारदार होईपर्यंत खरवडली तर भिंत तोंडाशी पातळ होते आणि फ्लेअर फाटतो. दोन-तीन हलके वळसे, आत बोट फिरवल्यावर काही न टोचणं, बस. मग नट घालायचा विसरू नये, आणि फ्लेअर मारायचा. आर-३२साठीच्या क्लचवाल्या फ्लेअरिंग टूलला पाइप साच्याच्या वर शून्य ते अर्धा मिमी ठेवतात, जुन्या टूलला एक ते दीड मिमी. तोंड तिरकं कापलेलं असेल तर ही मापं एका बाजूला बरोबर आणि दुसऱ्या बाजूला चूक येतात, आणि फ्लेअरचा काठ एकीकडे रुंद होतो. तयार फ्लेअरचा बाहेरचा व्यास दोन सुताला ८.७ ते ९.१ मिमी, तीन सुताला १२.८ ते १३.२, चार सुताला १६.२ ते १६.६ आणि पाच सुताला १९.३ ते १९.७ मिमी भरला पाहिजे.

फ्रिजमागचा कप्पा

मिनी कटरची खरी गरज आता फ्रिजमध्ये आहे. नव्या घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेटतो. जुन्या सवयीने जोडावर ब्रेझिंगची टॉर्च धरून पाइप सोडवायला गेलं की आत उरलेला आणि तेलात विरघळलेला गॅस ज्योतीला मिळतो. म्हणून पद्धत अशी: प्लग काढायचा, खिडक्या उघडायच्या, पिअर्सिंग व्हॉल्व्ह (पाइपला भोक पाडून बसणारा) लावून गॅस होजने घराबाहेर मोकळ्या हवेत सोडायचा, नायट्रोजनने लाइन धुवायची आणि पाइप कटरने कापायचा. टॉर्च त्यानंतर. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो कप्प्याच्या तळाशी आणि फरशीवर साचतो, तिथेच आपण गुडघ्यावर बसलेले असतो. आर-२९०च्या, म्हणजे प्रोपेनच्या, एसीलाही हीच काळजी.

कटर लावण्याआधी पाइपला लोहचुंबक लावून बघावा. कॉम्प्रेसरची सक्शन आणि चार्जिंगची ट्यूब बहुतेक तांब्याची असते, पण कंडेन्सरकडची पुष्कळ वेळा वरून तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी असते. दिसायला दोन्ही सारख्या. चुंबक चिकटला तर तांब्याचं चाक तिथे घालवू नये. स्टीलचं चाक लावावं आणि प्रत्येक वळसा आणखी हलका घ्यावा.

फिल्टर ड्रायर बदलताना जुना ड्रायर टॉर्चने सोडवू नये, तो कापूनच काढावा. तापला की त्याने धरून ठेवलेला ओलावा परत लाइनमध्ये सुटतो. ड्रायरच्या जोडापासून इंचभर सोडून पाइपच्या बाजूला मिनी कटर लावायचा. कापताना पाइपचा पुढचा भाग दुसऱ्या हाताने धरायचा, नाहीतर पिळ थेट जुन्या जोडावर जातो. ड्रायरच्या दुसऱ्या टोकाला केशनळी असते. तिला कटर लावायचाच नाही. तिचा बाहेरचा व्यास दोन-तीन मिमी आणि आतलं भोक मिलीमीटरच्या आसपास. चाकाने ते चिमटलं जातं आणि फ्रिज चालू झाल्यावर चोकअप, म्हणजे लाइन तुंबल्यासारखी, वाटते. बारीक कानशीने चहूबाजूंनी खूण करायची, दोन बोटांनी थोडं इकडे-तिकडे वाकवायचं, नळी कुरकुरीत तुटते. केशनळीसाठीची खास पक्कड मिळते, ती असेल तर उत्तम.

कटर फिरतच नसेल तर

चकती फिरवून पाहिली, इन्सुलेशन काढलं, क्लॅम्प सोडला, तरी ३० मिमी होत नाहीत अशा जागा असतात. कन्सील्ड लाइन प्लास्टरमध्ये अर्धी बुडालेली असली की हमखास. तिथे छिन्नीने पाइपच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ३० मिमी, पाइपच्या लांबीत ४० मिमी प्लास्टर खणणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मालकाला आधी विचारायचं आणि पाइपच्या तोंडाला टेप लावूनच खणायचं, सिमेंटची धूळ कीसापेक्षा वाईट. दुसरा उपाय म्हणजे काप पुढे मोकळ्या जागेत घेऊन लाइनला ब्रेझिंगचा एक जोड वाढवणं. जोड वाढवणं आवडत नाही हे खरं, पण नायट्रोजन सोडत केलेला एक चांगला जोड अडचणीतल्या वेड्यावाकड्या फ्लेअरपेक्षा भरवशाचा असतो.

हॅकसॉ शेवटचा, आणि तोही काढून टाकायच्या बाजूच्या पाइपपुरता. ३२ दात्यांचं पातं नुसतं हातात धरून, पातं ओढतानाच दाब देत, पाइपचं तोंड जमेल तेवढं खाली ठेवून कापायचं. जागा झाली की राहणाऱ्या पाइपवर मिनी कटरचा एक काप परत घ्यायचा, म्हणजे करवतीचं तोंड आणि आत शिरलेल्या किसाचा बराचसा भाग निघून जातो. उरलेला नायट्रोजनने फुंकून काढायचा.

कटरची देखभाल फार नाही. चाकाच्या पिनेला, रोलरना आणि स्क्रूच्या आट्यांना महिन्यातून एकदा हलक्या तेलाचा एक थेंब पुरतो. कामाला लागण्याआधी ते पूर्ण पुसायचं, कारण आर-३२ आणि आर-४१०एच्या लाइनीत साधं खनिज तेल जाता कामा नये. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने पिन आणि स्क्रू गंजतात. तिथे कटर पेटीत उघडा न टाकता तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. ठेवताना जबडा थोडा उघडा ठेवायचा. चाक रोलरवर टेकून राहिलं आणि पेटी आदळली की धारेचा टवका तिथेच उडतो. स्टीलला वापरलेलं चाक पुन्हा तांब्यावर लावू नये. दोन्ही चाकं वेगळ्या डबीत, मार्करने खूण करून ठेवावीत, आणि नवं चाक बसवलं की पहिल्यांदा भंगाराच्या तुकड्यावर रेघ मारून ती स्वतःला मिळते का ते पाहावं.